दुःख अंगात उतरतं तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण एका वेगळ्या कामाची माहिती घेणार आहोत. इंग्रजीत त्याला 'डान्स मूव्हमेंट थेरपी' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नृत्यातून, हालचालीतून मनावर केलेला उपचार. शाळा, दवाखाने, निवारागृहं अशा बऱ्याच ठिकाणी हे काम चालतं. त्यातल्या एकाच भागाबद्दल आज बोलू. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांना या वाटेने आधार कसा देतात, आणि असा आधार देणारी बाई तयार कशी होते.

आम्ही हे काम शिकलेल्या आणि बायकांच्या गटांबरोबर करणाऱ्या काही जणी आहोत. गावात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो ताई, घरात माणूस गेलंय आणि तुम्ही नाचायला सांगणार? लोक काय म्हणतील?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देऊ.

इथे 'नाच' म्हणजे काय?

या कामात कुणाला नाचायला लावत नाहीत. पावलं बसवायची नसतात, गाण्यावर ठेका धरायचा नसतो, समोर बघणारं कुणी नसतं. कित्येकदा सगळी बैठक सतरंजीवर बसल्या जागीच होते. खांदे वर घेऊन सोडायचे, मूठ वळायची आणि उघडायची, पाय जमिनीवर रोवून उभं राहायचं, श्वासाबरोबर डोलायचं, खोलीभर सावकाश चालायचं, अशा साध्या हालचाली. हे शास्त्र ज्यांनी सुरू केलं त्या बायका मुळात नृत्य करणाऱ्या होत्या, म्हणून नावात 'डान्स' राहिलं.

दुःख विसरायला लावणं हाही याचा हेतू नाही. "रडू नको, मन रमव, पोरांकडे बघ" असं सांगणारी माणसं आजूबाजूला पुष्कळ असतात. थेरपिस्ट तसं सांगत नाही. दुःख अंगात जिथं अडकून बसलंय, तिथं ती थोडी वाट करून देते, आणि हे करताना त्या बाईला एकटी सोडत नाही.

दुःख बसतं कुठं?

आपली भाषाच याचं उत्तर देते. वाईट बातमी कळली की आपण म्हणतो, काळजात धस्स झालं. हातपाय गळाले. पायाखालची जमीन सरकली. गळा दाटून आला. कर्ता मुलगा गेला की म्हातारीची कंबर खचली म्हणतो. छातीवर दगड ठेवला म्हणतो. यातलं एकही वाक्य नुसत्या मनाबद्दल नाही. सगळी अंगाबद्दल आहेत, कारण दुःख माणसाला अंगातच जाणवतं.

डॉक्टरही हेच सांगतात. मोठा धक्का बसला की शरीर धोक्याच्या वेळी वागतं तसं वागायला लागतं. श्वास वरच्यावर चालतो, मान-खांदे-जबडा आवळले जातात, भूक आणि झोप उडते, अंग जड होतं. काही दिवसांत शरीर सावरलं तर ठीक. पण कित्येक बायका महिनोन्महिने तशाच आवळलेल्या राहतात. पाठ दुखते, डोकं धरतं, पोटात गोळा येतो. दवाखान्यात तपासण्या होतात, काही निघत नाही, आणि घरचे म्हणतात, "हिला काही झालेलं नाही."

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर "दुःखामुळे होतंय" असं म्हणून घरी बसू नका. अचानक बसलेल्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होतो, असा एक आजारच आहे. त्याचं वर्णन १९९० साली जपानमधल्या डॉक्टरांनी केलं आणि तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला 'टाकोत्सुबो' नाव दिलं, कारण आजारात हृदयाचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो आणि लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात. त्यामुळे आधी दवाखाना, मग बाकीचं.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

नाव नवीन आहे. दुःखात अंग हलवणं मात्र आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. मयताच्या घरी आलेली बाई आधी बोलत नाही, गळ्यात पडते. दोघी एकत्र हुंदके देतात, एकत्र पुढेमागे हलतात. बोलणं नंतर येतं.

जात्याचंही तसंच होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात, हाताच्या फेऱ्याबरोबर श्वास आणि श्वासाबरोबर ओवी. आईची आठवण, सासरचा जाच, गेलेलं लेकरू, सगळं त्या ओव्यांत आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. जातं म्हणजे काही उपचार नव्हता. ते कष्टाचं काम होतं, आणि गिरणी आली तेव्हा बायका सुटल्या. पण हात, श्वास आणि आवाज एका लयीत चालू असताना मनातलं बोलता येतं, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

आता दुसरी बाजूही बघू. तेरावं होतं, पाहुणे निघतात, आणि घर एकदम सुनं होतं. नवरा गेलेल्या बाईचं तर हलणंच थांबवलं जातं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, मंगळागौरीच्या खेळात जागा नाही, नागपंचमीच्या झोक्यावर बसायचं नाही. कालपर्यंत जिची फुगडी गावात कुणाला हरत नव्हती, ती आज भिंतीला टेकून बघत असते. बांगड्या फोडण्याबद्दल आपण बोलतो. पण हात उंचावण्याचा, गिरकी घेण्याचा, मोठ्याने हसण्याचा तिचा हक्क जातो त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं असं सांगितलं. ठरावाने प्रथा थांबवता येते. पण आवळलेलं अंग ठरावाने सुटत नाही. त्यासाठी सोबत लागते, वेळ लागतो, आणि ते काम समजणारं माणूस लागतं.

या कामाची सुरुवात

अमेरिकेत मेरियन चेस नावाची एक नृत्यशिक्षिका होती. तिच्या वर्गाला येणाऱ्या काही जणी नाच शिकण्यापेक्षा मन हलकं होतं म्हणून येतात, हे तिच्या लक्षात आलं. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात तिने काम सुरू केलं. तिथे असे रुग्ण होते ज्यांच्याशी बोलून काहीच उपयोग होत नव्हता. चेसबाई त्यांच्याशी बोलायला जात नसत. रुग्ण कोपऱ्यात बसून पुढेमागे हलत असेल तर त्याही जवळ बसून त्याच लयीत हलू लागत. हळूहळू रुग्ण मान वर करून बघे. मग लय थोडी बदले. मग हात पुढे येई. पुढे १९६६ साली अमेरिकेत या कामाची राष्ट्रीय संघटना झाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

समोरच्या माणसाच्या हालचालीला आपल्या अंगाने असा प्रतिसाद देणं, हा या कामाचा पाया. याला आरसा धरणं म्हणतात. पण ही नक्कल नव्हे. नक्कल केली तर माणूस दुखावतो. तान्हं मूल 'आऽ' करतं आणि आईही 'आऽ' करते, तेव्हा ती त्याची नक्कल करत नसते. ती त्याला सांगत असते, मी ऐकलं. हे त्यासारखं आहे.

भारतात त्रिपुरा कश्यप या या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नावांपैकी एक. त्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतलं आणि इथे येऊन काम उभं केलं. 'माय बॉडी, माय विज्डम' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक २००५ साली आलं. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली 'कोलकाता संवेद' ही संस्था काढली. देहविक्रीसाठी पळवून नेलेल्या आणि नंतर सुटका झालेल्या मुलींबरोबर त्यांनी हे काम केलं. महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या काही मुली पुढे स्वतःच शिकवणाऱ्या झाल्या.

दुःखी माणसांच्या बैठकीत काय होतं?

समजा आठ जणी आहेत. कुणाचा नवरा गेलाय, कुणाची आई, कुणाचं मूल. आठवड्यातला एक दिवस, तीच वेळ, तीच खोली. दार लावलेलं. मोबाईल बंद, फोटो नाहीत, व्हॉट्सॲपवर काही जाणार नाही हे आधीच ठरलेलं.

सुरुवात पायांपासून होते. पाय जमिनीला टेकलेत का, टाच टेकली का, याकडे लक्ष द्यायचं. पायाखालची जमीन सरकली आहे ना, म्हणून आधी जमीन सापडावी लागते. डोळे मिटायची सक्ती नाही. अपघात किंवा आत्महत्या डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला डोळे मिटले की तेच दिसतं. ती उघड्या डोळ्यांनीच बसेल.

मग प्रत्येकीने आज अंग कसं आहे ते एका हालचालीतून दाखवायचं. बोलायचं नाही. एक जण खांदे खाली टाकते. एक जण पदर घट्ट आवळते. एक नुसती बसून राहते, आणि तेही चालतं. बाकीच्या सगळ्या ती हालचाल करून बघतात. पदर आवळणाऱ्या बाईला दिसतं, की सात जणींनी आपापला पदर तसाच आवळलाय. "मला कळतंय" असं तोंडाने कितीही सांगितलं तरी पोचत नाही, ते अशा वेळी पोचतं.

थेरपिस्टचं लक्ष बारकाव्यावर असतं. त्या बाईचा हात पदर आवळतो, सोडतो, पुन्हा आवळतो. सोडताना श्वास बाहेर येतो का? थेरपिस्ट म्हणेल, "थोडं सावकाश करून बघू या का?" कधी त्यातून रडू येतं. कधी राग येतो. राग आला तरी घाबरायचं नाही. कर्ज ठेवून गेला, काही न सांगता गेला, मला एकटीला टाकून गेला, असा राग पुष्कळ बायकांच्या मनात असतो आणि तो बोलायची चोरी असते. उशी दाबून, पाय आपटून, भिंत ढकलून तो कुणाला इजा न करता बाहेर काढता येतो.

आणखी एक प्रकार सांगतो. गेलेल्या माणसाची एक रोजची हालचाल करून दाखवायची. तो डोक्याला टॉवेल कसा गुंडाळायचा. आई सूप कसं झटकायची. लेक शाळेतून आल्यावर दप्तर कसं फेकायची. एक जण दाखवते, मग सगळ्या मिळून करतात. क्षणभर ते माणूस खोलीत असतं. बहुतेक वेळा इथे रडू येतं आणि हसूही येतं, दोन्ही एकाच वेळी. पूर्वी असं सांगत की गेलेल्याला विसरून पुढे जा. आता या विषयाचे अभ्यासक म्हणतात, नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. सून सासूसारखं सूप झटकते, तेव्हा सासू तिच्या मनगटात असते.

शेवट नेहमी सावकाश होतो. पुन्हा पाय, पुन्हा श्वास, खोलीतल्या वस्तू बघायच्या, पाणी प्यायचं, घरी गेल्यावर काय करणार ते एकेका वाक्यात सांगायचं. उघडलेली जखम तशीच घेऊन कुणी घरी जाऊ नये, ही थेरपिस्टची जबाबदारी.

हेलकावे घेणं चुकीचं नाही

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ साली एक साधी गोष्ट मांडली. दुःखात असलेलं माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे घेतं. एका टोकाला गेलेल्याची आठवण, दुसऱ्या टोकाला राहिलेलं जगणं. सकाळी बाई तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी खेटे घालते, सोसायटीचं कर्ज विचारते, मुलाची फी भरते. संध्याकाळी दाराशी त्याची चप्पल दिसते आणि मटकन बसते. लोक म्हणतात, "सकाळी तर बरी होती." बरी होतीच, आणि आता दुःखी आहे, हेही खरं. झोका दोन्हीकडे जातो म्हणूनच तो झोका. एकाच टोकाला अडकला तर अडचण. बैठकीत डोलण्याची, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेण्याची हालचाल पुष्कळदा करतात, ती यासाठीच. अंगाला कळतं की तिकडे गेलं तरी परत येता येतं.

याचा उपयोग किती होतो? २०१९ साली जर्मनीतल्या सबिने कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपचाराचे ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले. निराशा आणि चिंता कमी होण्यात मध्यम प्रमाणात फायदा दिसला. म्हणजे जादू नाही, पण नुसती समजूतही नाही. औषधाची गरज असेल तिथे औषधच लागतं. हा उपचार त्याच्या जोडीला असतो.

हे काम करणारी तयार कशी होते?

आता गटातल्या मुलींनी आणि तरुण बायकांनी नीट ऐकावं. लेझीम, भजन, लावणी, भरतनाट्यम, काहीही येत असेल तर चांगलंच. पण चांगलं नाचता येणं आणि थेरपिस्ट होणं यांत फरक आहे. नाचणारीकडे सगळे बघतात. थेरपिस्टला दुसऱ्याकडे बघायचं असतं.

पहिली गोष्ट, हालचाल वाचायला शिकणं. युरोपात रुडॉल्फ लाबान नावाचे नृत्यतज्ज्ञ होते. हालचालीत जोर किती, वेग किती, दिशा नेमकी की पसरट, आणि ओघ मोकळा की रोखलेला, अशा चार अंगांनी बघायची रीत त्यांनी घालून दिली. तुम्ही हे रोज करता. धान्य पाखडताना मनगट हलकं आणि चपळ असतं. भाकरी थापताना हात नेमका आणि लयीत. मुसळ उचलून टाकताना सगळा जोर. तीच बाई दुःखात असते तेव्हा पाखडताना तिचं मनगट जड पडतं. शेजारीण ते ओळखते, पण काय ओळखलं ते तिला सांगता येत नाही. शिक्षणात ते सांगता येऊ लागतं.

दुसरी गोष्ट, मानसशास्त्र आणि शरीररचना. दुःख म्हणजे काय, निराशेचा आजार म्हणजे काय, दोन्हींतला फरक. गुडघेदुखी, रक्तदाब, गरोदरपण, हृदयविकार असेल तर कोणती हालचाल टाळायची. गट कसा सांभाळायचा, भांडण झालं तर काय करायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. स्वतःचं दुःख ओळखणं. प्रत्येकीच्या घरात कुणीतरी गेलेलं असतं. आपलं न रडलेलं रडू दुसरीच्या बैठकीत बाहेर आलं, तर ती बैठक आपली होते, तिची राहत नाही. म्हणून शिकताना स्वतःही अशा बैठकांत सहभागी व्हावं लागतं, आणि पुढे काम करतानाही एखाद्या अनुभवी व्यक्तीशी नियमित बोलून आपलं काम तपासून घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट, मर्यादा पाळणं. न विचारता हात लावायचा नाही. रडवायचा प्रयत्न करायचा नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. गावात ही गोष्ट फार जपावी लागते, कारण सगळेच एकमेकांच्या ओळखीचे.

आणि शेवटची गोष्ट, गप्प बसता येणं. नव्या मुलींना वाटतं, बैठकीत काहीतरी घडलं पाहिजे. कधी कधी अर्धा तास दोघी शेजारी बसून फक्त श्वास घेतात. तेही कामच असतं.

शिक्षण कुठं, पोट भरतं का?

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने कोलकाता संवेदच्या साथीने या विषयाचा डिप्लोमा चालवला आहे. २०१४ साली स्थापन झालेली 'क्रिएटिव्ह मूव्हमेंट थेरपी असोसिएशन ऑफ इंडिया' ही संघटनाही प्रशिक्षण घेते. अभ्यासक्रम, फी आणि पात्रता बदलत असतात, तेव्हा प्रवेशाआधी स्वतः फोन करून चौकशी करा. विचारायचे प्रश्न असे : कोर्स किती महिन्यांचा? प्रत्यक्ष माणसांबरोबर काम किती तास? ते तपासणारं अनुभवी कोण? शिकवण्याची भाषा कोणती? शिष्यवृत्ती आहे का? दोन दिवसांची कार्यशाळा करून 'थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र कुणी देत असेल तर ते पैसे वाचवा. अमेरिकेत या कामासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखाली शेकडो तासांचं काम लागतं, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या देशात २०२१ साली आरोग्याशी निगडित व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत नृत्य आणि हालचाल थेरपिस्टचं नाव आहे. म्हणजे सरकारच्या लेखी हा व्यवसाय आला. त्याखालच्या नोंदणीचे नियम काय आहेत, हेही प्रवेश घेताना विचारून घ्या.

पैशांचं खरं सांगायचं तर नुसत्या या कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि बहुतेक शहरांत आहेत. गावात राहून करायचं असेल तर आम्ही एक सल्ला देतो. आधी मानसशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंग यांपैकी एखादं शिक्षण घ्या. त्याने रोजगार मिळतो. मग त्यावर हे शिका. आधीच नर्स, समुपदेशक किंवा आशाताई म्हणून काम करणाऱ्या बाईला घरोघरी प्रवेश असतो, लोकांचा विश्वास असतो. तो विश्वास कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

गटाने आज काय करावं?

शिकलेली थेरपिस्ट गावात नसली तरी काही गोष्टी कुठल्याही गटाला जमतात. तेराव्यानंतर त्या घरी जाणं चालू ठेवा. पहिल्या दिवसांत माणसं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणी नसतं. गेल्यावर प्रश्न विचारू नका. "चल, ओढ्यापर्यंत चालून येऊ," एवढं म्हणा, आणि तिच्या चालीने चाला. तिचा वेग धरा, आपला नको. शेंगा फोडायला, भाजी निवडायला शेजारी बसा. हळदीकुंकवाला बोलवा. खेळ चालू असतील तर हात पुढे करा. ती नको म्हणाली तर आग्रह नको, पण पुढच्या वेळी पुन्हा हात पुढे करा.

काय करू नये तेही ऐका. आज सांगितलेली बैठक ऐकून लगेच गटात घेऊ नका. विशेषतः आत्महत्या, खून, अपघात किंवा लेकराचा मृत्यू असेल तर शिकलेल्या माणसाशिवाय खोलात जाऊ नका. सोबत चालणं कुणालाही करता येतं, उपचार नाही.

बहुतेक माणसं वेळेबरोबर आणि आपल्या माणसांबरोबर सावरतात. वर्षभर सण न करणं, फोटोशी बोलणं, मध्येच रडू येणं, हा आजार नाही. पण सहा महिने उलटून गेल्यावरही दुःख पहिल्या दिवसाइतकंच तीव्र असेल, उठणं, खाणं, मुलांकडे बघणं जमत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला लांबलेल्या शोकाचा आजार म्हटलंय आणि त्यावर उपचार होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. "मला जगायचं नाही" असं कुणी म्हणालं, तर तिला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा, आणि टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सांगू का पुन्हा? एक, चार, चार, एक, सहा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दोन मिनिटं काढा. आपल्या गटात अशी कोण आहे, जी पूर्वी खेळात पुढे असायची आणि आता भिंतीला टेकून बसते, ते आठवा. तिच्या घरी या आठवड्यात कोण जाणार, एवढं ठरवा. आणि गटातल्या कुणा मुलीला हे काम शिकावंसं वाटत असेल, तर रेडिओ केंद्रावर निरोप द्या. आम्ही तिच्याशी बोलू.